कोयत्याला पाणी देताना

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या लोहारांना जेवायला सवड मिळत नाही. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांमधून हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं जातं, कुणी पुणे-सोलापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून झालेल्या असतात, पीठमीठ बांधून झालेलं असतं. मग आठवडी बाजाराच्या दिवशी माणसं लोहारापुढं येऊन उकिडवी बसतात. गेल्या हंगामात झिजलेला कोयता शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेला आणून, घ्यायचा असतो, नाहीतर नवा करून घ्यायचा असतो. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या गड्याला 'अर्धा कोयता'. पुढचे पाच-सहा महिने ते घर ह्याच हत्यारावर पोट भरणार असतं.

तलवारींवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. फिरंग, धोप, पट्टा, कट्यार यांची वर्णनं वाचत आपण मोठे झालो. घणाखाली घडवलेलं पातं किती मोलाचं असतं हे समजून घ्यायचं तर मला मात्र संग्रहालयापेक्षा उसाचा फड जवळचा वाटतो. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. एक ऊस किलो-दीड किलोचा धरला, बुडाचा घाव आणि वाढं तोडण्याचा घाव असे दोनच मोजले, तरी घाव हजारांच्या घरात जातात. शिवाय ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. साखर बुडख्याकडं जास्त असते आणि वर सोडलेलं खोड म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान, खोडव्याचंही नुकसान. त्यामुळं पातं रोज मातीत शिरतं, गोट्यावर आपटतं. धार फार कडक असेल तर तिचा तुकडा उडतो, मऊ असेल तर ती मुरडते. मजुरी टनावर मिळते, त्यामुळं हत्यार रुसलं की त्या दिवसाची रोजी बुडाली.

मी ज्यांच्या भट्टीपाशी बसले ते मामा घिसाडी. घिसाडी म्हणजे गाडीलोहार. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांची नोंद आहे, आणि आपले पूर्वज चितोडकडून, महाराणा प्रतापाच्या फौजेतून आले अशी आठवण ही मंडळी सांगतात. मामांच्या आजोबांचा संसार बैलगाडीवर होता, मामांचा छोट्या टेम्पोवर आहे. बाजाराच्या गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला पाल ठोकलेलं. जमिनीत खड्डा करून केलेली भट्टी, तिच्या बगलेला हातानं फिरवायचा पंखा. कातड्याचा भाता जाऊन बरीच वर्षं झाली. लाकडाच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण, दोन सांडशी, छिन्नी, कानस, तीन हातोडे आणि एक घण. घण मामी चालवतात.

कच्चा माल भंगारातला. ट्रकच्या मागच्या चाकांवरचे कमानपाटे मामा वजनावर आणतात. हे पोलाद मुळातच चांगलं असतं. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. वर्षानुवर्षं हजारदा दबून पुन्हा उसळी घेण्यासाठीच ते बनवलेलं असतं. बांधकामाच्या सळईत कार्बन जेमतेम पाव टक्का. तिचा कोयता दिसायला अगदी तसाच होतो, उसाच्या पहिल्या सरीत मात्र आपले गुण दाखवतो. भंगारात आलेला तुकडा कुठल्या जातीचा हे कळायला मामा तो ग्राइंडरच्या चाकावर धरतात. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात आणि विझतात. कमानपाट्याच्या ठिणग्या टोकाला फुटतात, त्यांना बारीक फांद्या येतात. कार्बन जितका जास्त तितकी फूट जास्त. प्रयोगशाळेत न जाता पोलाद ओळखण्याची ही पद्धत जगभरच्या कारखान्यांतही वापरली जाते. जुन्या पाट्याला आणखी एक भीती असते ती आतल्या तड्याची. पाटा लाल झाला की मामा तो डोळ्यांजवळ आणून उलटापालटा करून बघतात. कुठं काळी रेघ दिसली तर तेवढा भाग छिन्नीनं तोडून बाजूला पडतो.

मग ठोकाठोकी सुरू होते. मामांच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडा. तो हातोडा जिथं टेकतो तिथं मामींचा घण पडतो. टकटक, धाड. टकटक, धाड. हातोड्याचा कल बदलला की घणाचा कल बदलतो, आणि मामांनी हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की घण हवेतच थांबतो. मामींची नजर मामांच्या चेहऱ्याकडं एकदाही जात नाही, ती पात्यावर खिळलेली असते. घिसाड्यांची बाई घण चालवते याचं रस्त्यानं जाणाऱ्यांना मोठं कौतुक असतं, पण ते कौतुक ताकदीपाशी संपतं. त्या घणाला जो नेम लागतो त्याकडं कुणी बघत नाही. धार एका बाजूनं पातळ करत नेली की ती बाजू लांबते आणि सगळं पातं पाठीकडं वळायला लागतं. कोयत्याचा बाक तर धारेकडं हवा. म्हणून मामा-मामी पाटा आधीच हवा त्यापेक्षा जास्त वाकवून घेतात आणि मग धार ओढतात. धार ओढता ओढता बाक उलगडत येतो आणि नेमका हवा तिथं थांबतो. तो किती उलगडेल हे मोजायचं कुठलंही माप त्या पालात नव्हतं.

ठोकून ठोकून लोखंड घट्ट होतं, म्हणून हातानं घडवलेलं पातं चांगलं, असं गिऱ्हाईक म्हणतं. लेखांतूनही तेच येतं. हे खरं नाही, आणि कारागिराची बाजू घेताना खोटं कारण पुढं करू नये असं मला वाटतं. तापलेलं पोलाद घणानं दाबून जास्त भरीव होत नाही. कारखान्यात पत्र्यातून कापून घासलेलं पातंही, त्याला नीट उष्णता दिली तर, उत्तम कापतं. घडवण्याचा खरा फायदा दुसरा आहे. पाठ जाड, धार पातळ, मुठीकडं भरणा, टोकाकडं हलकं, असा आकार माल वाया न घालवता एकाच तुकड्यातून निघतो, आणि तो त्या माणसाच्या हाताच्या मापानं निघतो. दुसरं असं की घडवताना पोलाद पुन्हा पुन्हा तापतं आणि दर खेपेला ते सुधारायची किंवा बिघडायची शक्यता असते. आच जपून दिली तर आतले कण बारीक राहतात. आच चढली तर कण वाढतात आणि पातं वरून धडधाकट दिसत असूनही आतून ठिसूळ होतं. मामांनी अशा एका जळालेल्या पात्याचे दोन तुकडे माझ्या हातात दिले, शेजारी चांगल्या पात्याचे दिले. चांगल्याची मोड राखाडी, मऊसर. जळालेल्याच्या मोडीत साखरेसारखे दाणे चकाकत होते.

"हे आमच्या पोरानं केलंय," मामा म्हणाले, "मोबाईलवर बोलत होता."

पोरगा हसला. त्याच मोबाईलवर परदेशी लोहारांचे व्हिडिओ बघून त्यानं एका जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून खिशात ठेवलं आहे. पोलाद ७७० अंशांच्या आसपास तापलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही, आणि पाणी द्यायची वेळ त्याच्या जरा पुढं येते, हे त्याला पक्कं ठाऊक झालं आहे. मामांना त्याची गरज नाही, त्यांचा भरवसा रंगावर. पण म्हणूनच पाणी देण्याचं काम ते दिवस कलल्यावर करतात. भर उन्हात लालीचा अंदाज चुकतो.

संध्याकाळी तेच बघायला मी थांबले. एक कोयता भट्टीत धारेच्या अंगानं सरकत होता, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. मामा तो मागं-पुढं करत होते आणि पंखा फिरवणाऱ्या नातीला हाताच्या खुणेनं सांभाळायला सांगत होते. रंग मंद लालावरून उजळ लालावर आला. मामांनी सांडशीनं कोयता उचलला, पोरानं चटकन चुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही. बापाकडं बघून त्यानं मान हलवली, तोवर कोयता पाण्याच्या डब्याकडं गेलासुद्धा होता. फक्त धारेकडची दोन बोटं पाण्यात. तीही एका जागी स्थिर नाहीत, वर-खाली हलती, कारण पाण्याची रेघ एकाच ठिकाणी राहिली तर नेमकं तिथंच पातं तडकतं. पाणीही कोमट करून घेतलेलं. कमानपाट्याचं पोलाद खरं तर तेलात विझवण्यासाठी बनवलेलं असतं, थंड पाण्याचा धक्का त्याला सोसत नाही. तेल परवडत नाही म्हणून लोहारांनी कोमट पाणी आणि दोन बोटांचा हा मार्ग काढला आहे.

तापलेल्या पोलादात कार्बन लोखंडात विरघळलेला असतो. सावकाश गार केलं तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. एकदम गार केलं तर तो अडकून बसतो आणि त्या अडकण्यातूनच कडकपणा येतो. धातुशास्त्रात या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. या क्षणी धार कमालीची कडक असते आणि तितकीच ठिसूळ. गोट्यावर एक घाव बसला तर काचेचा तुकडा उडावा तशी गत. इथवरचं काम बरेच जण करतात. लोहाराचा कस पुढच्या काही क्षणांत लागतो.

मामांनी कोयता बाहेर काढला, विटेच्या तुकड्यानं धारेजवळची काजळी घासून पांढरी पट्टी उघडी केली आणि ती उजेडाकडं धरून बघत राहिले. पाठ अजून तापलेली होती. तिची ऊब आता धारेकडं उतरत होती. पांढऱ्या पट्टीवर आधी फिकट पिवळा रंग आला. तो गडद झाला, मग तपकिरी, मग त्यात जांभळा शिरला. जांभळ्याच्या मागून निळा येताना दिसला आणि मामांनी अख्खा कोयता पाण्यात सोडला. हे रंग म्हणजे पोलादावर चढणारी ऑक्साइडची अतिशय पातळ साय. ती जसजशी जाड होते तसा रंग बदलतो. पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना, जांभळा २८०च्या आसपास, निळा ३००ला. जितकी ऊब जास्त उतरेल तितका कडकपणा कमी आणि चिवटपणा जास्त. भाजी चिरायच्या सुरीला मामा पिवळ्यावर थांबतात, कोयत्याला जांभळ्या-निळ्याच्या सांध्यावर, पहारीला निळा पुरता चढू देतात. पिवळ्यापासून निळ्यापर्यंत यायला एक उचकी लागावी एवढाही वेळ गेला नसेल.

त्या संध्याकाळी एक पातं पाण्यात जाताच 'टिक' असा बारीक आवाज आला. मामांनी ते न बघताच भंगाराच्या ढिगावर टाकलं. सकाळपासूनचा कोळसा, मामींचे घाव, पाट्याचे पैसे सगळं त्याबरोबर गेलं, आणि ते कुठल्याही गिऱ्हाइकाच्या बिलात धरता येत नाही.

कोयता किती कडक हवा याचं एक साधं माप फडातच आहे. तोडणीवाला रोज पहाटे कोयत्यावर कानस फिरवून धार काढतो. म्हणजे कानस चढली पाहिजे एवढं ते पातं मऊ हवं. कडकपणाच्या रॉकवेल मापनात कानस ६०च्या पुढं असते, जर्मन स्वयंपाकी सुऱ्या ५६ ते ५८च्या आसपास आणि जपानी सुऱ्या ६०च्या वर. जपानी सुरीला कानस लागत नाही, तिला पाणदगडच हवा. उद्या कुणी तोडणीवाल्याच्या हातात तसली सुरी दिली तर ती दुपारपर्यंत टिकणार नाही. पात्याचा चांगलेपणा कामाला धरून असतो, आणि ते काम ज्यानं जवळून बघितलं आहे त्यालाच रंग कुठं थांबवायचा हे समजतं. माझ्या लेखी घडवलेल्या पात्याचं मोल इथं आहे. अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेल्या ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षाही हेच तपासते. उमेदवारानं घडवलेल्या सुरीनं लोंबता इंचभर जाड दोर एका घावात तोडायचा, मग लाकडाची फळी दोनदा तोडायची, त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस उतरले पाहिजेत, आणि शेवटी पातं पकडीत धरून काटकोनात वाकवायचं, ते तुटता कामा नये. धार कडक आणि पाठ चिवट असल्याखेरीज हे जमत नाही. पाटोद्याच्या बाजारात अशी परीक्षा कुणी घेत नाही, पण मामांचा कोयता ज्या रीतीनं पाणी खातो ती रीत नेमकी हीच आहे.

या विद्येचा मुंबईशी एक जुना धागा आहे. दक्षिणेत, विशेषतः आजच्या तेलंगणात आणि तमिळनाडूत, मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा एकत्र तापवून साधारण दीड टक्का कार्बन असलेलं पोलाद बनत असे. निजामाबादकडच्या कोनासमुद्रम गावी ते खरेदी करायला इराणचे व्यापारी येत. युरोपात याला 'वूट्झ' म्हणू लागले. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडं पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढं निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराला हे पोलाद इतकं पसंत पडलं की पुढं त्यानं तरुण मायकेल फॅरेडेला हाताशी धरून त्याचे प्रयोग केले. विजेच्या शोधांसाठी जग ज्याला ओळखतं तो फॅरेडे लोहाराचा मुलगा होता. इकडं मात्र एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचं स्वस्त पोलाद आलं, कोळशासाठी लागणारं जंगल हाताबाहेर गेलं, आणि त्या मुशी विझल्या.

स्वयंपाकघरातून घडवलेलं पातं असंच निघून गेलं, फक्त त्याची कुणी नोंद ठेवली नाही. कोळणींच्या मोरळीचं पातं अजून लोहाराकडून येतं. किनाऱ्यावरच्या बाजारात बसलेली बाई सुरमईचे तुकडे पाडते तेव्हा पातं जागेवर असतं आणि मासा हलतो, दोन्ही हात मोकळे, अंगाचा भार धारेवर. घराघरांत मात्र स्टेनलेस आलं. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली शेफिल्डमध्ये ते बनवलं. ते गंजत नाही, कैरी-चिंचेनं काळं पडत नाही, ही मोठी सोय आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. माझ्याही ओट्यावर ते आहे. पण लोखंडी विळीला काम झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचं बोट लावायचं, वर्षातून एकदा लोहाराकडून धार काढून आणायची, हे एक नातं होतं. बोथट झालेली स्वस्त सुरी आपण फेकतो आणि नवी आणतो. धार काढणारा दारावर येईनासा झाला, कारण त्याला हाक मारणारं घर उरलं नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा'त बलुत्याची जी व्यवस्था टिपली, तिच्यात लोहाराला सुगीत धान्य मिळत असे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, मानापमान होते, ती परत यावी असं कुणी म्हणू नये. तिच्यातली एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी अशी आहे. धान्य मिळे ते वर्षभर फाळ, पास, खुरपी, विळे चालते ठेवण्याबद्दल. वस्तूची किंमत आणि ती सांभाळण्याचं मोल एकत्र होतं. आता रोख व्यवहारात फक्त वस्तूला किंमत उरली. नव्या कोयत्याला माणूस घासाघीस करून का होईना पैसे देतो, शेवटण्याचे द्यायला मात्र त्याचा हात आखडतो. वास्तविक शेवटणं अवघड. झिजलेल्या पात्यात माल कमी, एक आच चढली की धार जळते. पुन्हा पाणी द्यावं लागतं, पुन्हा रंग बघावा लागतो. घिसाडी तर त्या बलुत्याच्याही बाहेर होते. गावात यायचं, काम करायचं, मिळेल ते घेऊन पुढच्या गावी जायचं, हीच त्यांची रीत.

जपानमधलं साकाई शहर सोळाव्या शतकापासून तंबाखू कापायच्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं. त्या सुऱ्यांवर शोगुनांच्या राजवटीत ठसा मारायचा हक्क मिळाला, आणि १९८२ साली सरकारनं साकाईच्या पात्यांना पारंपरिक कलेचा दर्जा दिला. तिथं घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि तिघांची नावं सन्मानानं घेतली जातात. पुण्या-मुंबईत हौसेनं स्वयंपाक करणारी मंडळी ती सुरी हजारो रुपये मोजून मागवतात. मला त्यांचा राग नाही, उलट पात्याची पारख असलेली माणसं वाढताहेत याचं समाधान वाटतं. त्यांनी एकदा आपल्या सुरीचा आकार कागदावर काढून घिसाड्याच्या पालावर न्यावा एवढंच म्हणणं आहे. मामांच्या कोयत्यावर ठसा नाही. गिऱ्हाईक तो पाठीच्या उतारावरून ओळखतं.

आपल्याकडं कोयत्याचं नाव गेली काही वर्षं वर्तमानपत्रात येतं ते पुण्यातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्र नियमांनुसार परवान्याची अट आहे, पण घरगुती आणि शेतीकामाच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. सूट कागदावर असली तरी टेम्पोत कोयत्यांची चवड घेऊन फिरणाऱ्या भटक्या माणसाला नाक्यावर ती समजावून सांगावी लागते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे, पाच टक्के व्याजानं दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज आहे. पडताळणी ग्रामपंचायतीतून होते. मामांचा प्रश्न सरळ होता, "ताई, पंचायत कंची सांगू?" पोरानं नाव घालायचं ठरवलं आहे. पैसे मिळाले तर विझवण्याच्या तेलाचा एक डबा आणि गॅसची भट्टी घ्यायची त्याच्या मनात आहे. म्हणजे तडकणारी पाती कमी होतील, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर आहे.

रात्री आठच्या सुमारास एक तरणं जोडपं दोन कोयते न्यायला आलं. लग्नानंतरचा त्यांचा पहिलाच हंगाम. मामांनी त्यातल्या नवऱ्याच्या हातात एक कोयता दिला, तोल बघायला लावला, मूठ जरा जाड वाटते म्हणाल्यावर कानशीनं खरवडून दिली. पोरीच्या कोयत्याची मूठ त्यांनी आधीच बारीक केली होती. पैसे घेऊन झाल्यावर ते तिलाच म्हणाले, "पोरी, रसानं भरलेला तसाच ठिवू नगंस, पुसून ठिव. गोट्यावर घाव बसला तर कानस लगेच मार, सांजपातूर थांबू नगंस. आन् चुलीतला जाळ पुढं सारायला कोयता घालायचा न्हाई, कुणी मागितला तरी द्यायचा न्हाई. एकदा चुलीत गेला की पाणी उतरतं, मग माझ्याकडं आणल्याबिगर त्याला इलाज न्हाई, आन् मी काय तिकडं कर्नाटकात यायचो न्हाई."